डोमेन कंट्रोलर, त्याचे रोल आणि जुनी यंत्रं: कोकणातल्या ऑफिसांतून येणारे प्रश्न

रत्नागिरीपासून खाली सावंतवाडीपर्यंतच्या पतसंस्था, कॉलेजं, काजू फॅक्टऱ्या, आंब्याच्या कॅनिंगची युनिटं, अशा ठिकाणचे सर्व्हर सांभाळणं हे माझं रोजचं काम. फोनवर येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. त्यातले बरेचसे एकाच भीतीतून येतात: सर्व्हर नवीन केला तर आमचं जुनं काहीतरी बंद पडेल. भीती रास्त आहे, पण बहुतेक वेळा चुकीच्या जागी धरलेली असते. म्हणून ही उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

आमच्याकडे पंचवीस कॉम्प्युटर आहेत. एक डोमेन कंट्रोलर पुरेल ना?

चालेल, पण पुरणार नाही. एका यादीखाली सांभाळलेले ऑफिसातले सगळे युजर आणि कॉम्प्युटर म्हणजे डोमेन. डोमेन कंट्रोलर, म्हणजे आपला डीसी, हा त्यातल्या प्रत्येकाची ओळख पटवणारा सर्व्हर. सकाळी कॅशियर नाव आणि पासवर्ड टाकतो तेव्हा तो कोण, त्याला कोणतं फोल्डर उघडायचा हक्क आहे, हे डीसी ठरवतो. लहान ऑफिसात डीएनएसही, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवाही, त्याच सर्व्हरवर असते. त्यामुळे डीसी बंद पडला की लोक सांगतात, "इंटरनेट गेलं." लाइन ठीक असते, नाव शोधून देणारा गेलेला असतो.

दोन डीसी ठेवा. दुसऱ्याला भारी मशीन लागत नाही. पण दोन्ही एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर ठेवू नका. मे अखेरच्या वळवात वीज कडाडते आणि एकाच लाइनवरची सगळी यंत्रं एकदम जातात, हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे.

यातला मेन सर्व्हर कोणता आणि बॅकअप कोणता?

हा शब्दप्रयोग विंडोज एनटीच्या काळातला आहे, आणि तेव्हा तो बरोबर होता. १९९६ च्या एनटी ४.० मध्ये एकच प्रायमरी डोमेन कंट्रोलर असे, पीडीसी. नवीन युजर, बदललेला पासवर्ड, जे काही लिहायचं ते फक्त त्याच्या वहीत. बाकीचे बॅकअप, म्हणजे बीडीसी. त्यांच्याकडे त्या वहीची नक्कल, ती फक्त वाचायला. पीडीसी बंद असला तर लॉगिन होई, पण पासवर्ड बदलता येत नसे.

फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० आलं आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे या वहीच्या नव्या रूपात, प्रत्येक डीसीला लिहिण्याचा अधिकार मिळाला. चिपळूणच्या डीसीवर केलेला युजर थोड्या वेळाने दापोलीच्या डीसीवर दिसतो, आणि दापोलीचा चिपळूणला. पण सगळे एनटी सर्व्हर एका रात्रीत कोण बदलणार? म्हणून मायक्रोसॉफ्टने मिक्स्ड मोड ठेवला. नवा डीसी जुन्या बीडीसींना सांभाळून घेई, आणि त्याबदल्यात युनिव्हर्सल सिक्युरिटी ग्रुपसारख्या नव्या सोयी बंद राहत. शेवटचा बीडीसी काढला की नेटिव्ह मोडवर जायचं, तिथून परतीची वाट नव्हती.

आज ज्याला फंक्शनल लेव्हल म्हणतात ते याच मिक्स्ड-नेटिव्हचं वाढलेलं रूप आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सगळेच डीसी लिहू शकतात, मग हे पाच रोल कशासाठी?

शिमग्यात पालखी खांद्यावर घ्यायला अख्खी वाडी पुढे येते, पण अमुक मान अमुक घराचा हे ठरलेलं असतं. एकाच मानावर दोन घरांनी हक्क सांगितला तर ती तेढ वर्षानुवर्षं मिटत नाही. डीसींचंही तसंच आहे. रोजची कामं कोणीही करावीत, पण काही कामं दोघांनी एकाच वेळी केली तर झालेला घोळ निस्तरता येत नाही. अशी पाच कामं वेगळी काढून एकेका डीसीकडे दिली आहेत. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना एफएसएमओ म्हणतात, बोलताना सगळे 'फिस्मो' म्हणतात.

स्कीमा मास्टर आणि डोमेन नेमिंग मास्टर हे दोन रोल अख्ख्या फॉरेस्टमध्ये, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या डोमेनांच्या समूहात, एकेकच असतात. डिरेक्टरीत कोणत्या प्रकारची नोंद असू शकते हे स्कीमा ठरवतो, आणि नवीन आवृत्तीचा पहिला डीसी जोडताना किंवा मेल सर्व्हरसारखं मोठं सॉफ्टवेअर बसवताना तो बदलतो. फॉरेस्टमध्ये नवीन डोमेन जोडायचं किंवा काढायचं झालं की डोमेन नेमिंग मास्टर लागतो. आपल्याकडच्या बहुतेक ऑफिसांत एकच डोमेन असतं, त्यामुळे हे दोघे वर्षानुवर्षं शांत बसलेले असतात.

उरलेले तीन प्रत्येक डोमेनमध्ये एकेक. त्यातला आरआयडी मास्टर नीट समजून घ्या. प्रत्येक युजरला आणि कॉम्प्युटरला एक क्रमांक मिळतो, एसआयडी. फोल्डरवरचे हक्क नावाला नाही, या क्रमांकाला दिलेले असतात. दोन जमिनींना एकच गट नंबर पडला तर जे होईल तेच दोन युजरना एक एसआयडी पडला तर होतं. ते टाळायला आरआयडी मास्टर प्रत्येक डीसीला ५०० क्रमांकांचा गठ्ठा काढून देतो. अर्धा गठ्ठा संपला की डीसी पुढचा मागतो.

पीडीसी एम्युलेटर हा पाचांतला सर्वांत कामाचा. नावच सांगतं की जुन्या एनटीच्या यंत्रांना पीडीसी म्हणून दिसायला तो केला होता. बीडीसी गेले, पण तो राहिला, कारण त्याच्याकडे आणखी कामं आहेत. पासवर्ड कुठल्याही डीसीवर बदला, त्याची खबर आधी त्याला जाते. म्हणून दुसऱ्या डीसीला पासवर्ड चुकीचा वाटला तर तो नाही म्हणण्याआधी याला विचारून घेतो. अकाउंट लॉक झाल्याचा हिशेब याच्याकडे. ग्रुप पॉलिसी, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना एकदम लागू होणारे नियम, बदलायला बसलात की एडिटर याचीच प्रत उघडतो. आणि डोमेनचं घड्याळही हाच.

पाचवा इन्फ्रास्ट्रक्चर मास्टर. एका डोमेनच्या ग्रुपमध्ये दुसऱ्या डोमेनची माणसं असतील तर त्यांची नावं ताजी ठेवणं हे त्याचं काम. एकच डोमेन असेल तर त्याला काम नाही. 'तो ग्लोबल कॅटलॉगवर (सगळ्या डोमेनांच्या नोंदींची थोडक्यात यादी ठेवणाऱ्या डीसीवर) ठेवू नये' हा नियम अनेक डोमेन असलेल्या फॉरेस्टसाठी आहे, आणि तिथेही सगळेच डीसी ग्लोबल कॅटलॉग असतील तर लागू होत नाही.

कोणता रोल कोणाकडे आहे ते कसं बघू?

डीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'नेटडॉम क्वेरी एफएसएमओ' ही कमांड द्या. पाच ओळी येतील. त्या कागदावर लिहून सर्व्हरच्या कपाटाला आतून चिकटवा.

रोल असलेला डीसी बंद पडला तर काम लगेच थांबतं का?

दुसरा डीसी चालू असेल तर नाही. स्कीमा आणि नेमिंग मास्टर महिनाभर नसले तरी कोणाला कळणार नाही. आरआयडी मास्टर गेला तर हातातला गठ्ठा संपेपर्यंत नवीन युजर करता येतात, आणि लहान ऑफिसात तो गठ्ठा बराच काळ पुरतो. पीडीसी एम्युलेटर मात्र दोन-चार दिवसांत जाणवतो: घड्याळं सरकू लागतात, बदललेला पासवर्ड एका कॉम्प्युटरवर चालतो आणि शेजारच्यावर चालत नाही.

म्हणून वीज गेली, सर्व्हर दोन दिवस बंद, एवढ्यावर रोल हलवायची घाई करू नका.

ट्रान्सफर आणि सीझ यात फरक काय?

जुना मानकरी हयात आहे आणि स्वखुशीने मान देतो आहे, ते ट्रान्सफर. दोन्ही डीसी चालू असतात, दोघांच्या वहीत नोंद होते, काही बिघडत नाही. सीझ म्हणजे जुना गेला असं धरून दुसऱ्याने रोल ओढून घेणं. एनटीडीएसयूटिल या कमांडमधून किंवा पॉवरशेलमधून ते करता येतं. पण त्यानंतर जुना डीसी नेटवर्कवर कधीही परत आणायचा नाही.

हे 'कधीही' किती खरं आहे ते मी चिपळूणला शिकलो. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्यात एका संस्थेचा मुख्य डीसी तळमजल्यावर होता. पाचही रोल त्याच्याकडे. दुसरा डीसी गुहागरच्या शाखेत, डोंगराच्या बाजूला, कोरडा. वीज आणि लाइन परत यायला दिवस गेले. चिपळूणचा सर्व्हर चिखलातून काढला तेव्हा त्याच्या पंख्याच्या पात्यांत भाताच्या काड्या अडकलेल्या होत्या. तो संपला असंच सगळ्यांनी धरलं. मी गुहागरच्या डीसीवर पाचही रोल सीझ केले, जुन्याचं अकाउंट डिरेक्टरीतून काढलं, डीएनएसमधल्या त्याच्या नोंदी एकेक करून हाताने पुसल्या. संस्थेचं काम सुरू झालं.

दीड महिन्याने तिथल्या मुलाचा फोन आला. त्याने मनापासून खपून तो सर्व्हर धुतला होता, उन्हात वाळवला होता, पॉवर सप्लाय बदलला होता. आवाजात आनंद मावत नव्हता: "दादा, चालू झाला! केबल लावू का?" मी त्याला आधी नेटवर्कची केबल हातात धरून खुर्चीवर बसायला सांगितलं आणि मगच कारण सांगितलं. त्या सर्व्हरला अजून वाटत होतं की आपणच आरआयडी मास्टर आहोत. तो पुराच्या आधीच्या जगात होता. जाळ्यात आला असता तर एकाच डोमेनमध्ये क्रमांक वाटणारे दोघे झाले असते. आरआयडी, स्कीमा आणि डोमेन नेमिंग या तीन रोलांच्या बाबतीत हा धोका सर्वांत मोठा.

आम्ही डिस्क पूर्ण पुसली, विंडोज नव्याने टाकलं, आणि तोच सर्व्हर नव्या नावाने दुसरा डीसी म्हणून जोडला. त्या मुलाची मेहनत वाया गेली नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

सीझ झालं नसलं तरी फार दिवस बंद राहिलेला डीसी तसाच परत जोडू नका. विंडोज सर्व्हर २००३ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकनंतर (एसपी१) उभारलेल्या फॉरेस्टमध्ये ही मुदत १८० दिवस असते, त्याआधीच्या फॉरेस्टमध्ये कोणी वाढवली नसेल तर ६० दिवस. त्यापुढे तो डीसी काढून टाकलेल्या नोंदी परत जिवंत करू शकतो.

डोमेनची फंक्शनल लेव्हल वाढवली तर आमचे विंडोज ७ चे कॉम्प्युटर बंद पडतील का?

नाही. या एका उत्तरासाठी मी हे सगळं लिहायला बसलो म्हटलं तरी चालेल.

फंक्शनल लेव्हल हा डीसींचा आपापसातला करार आहे. '२०१६ लेव्हल' याचा अर्थ एवढाच, की या डोमेनमधला प्रत्येक डीसी विंडोज सर्व्हर २०१६ किंवा त्यापुढचा आहे आणि इथून पुढे जुना डीसी घेतला जाणार नाही. टेबलावरचा कॉम्प्युटर, फाइल सर्व्हर, टॅलीचा सर्व्हर, प्रिंटर, यांचा त्या कराराशी संबंध नाही. विंडोज ७ चा कॉम्प्युटर २०१६ लेव्हलच्या डोमेनमध्ये लॉगिन होतो. त्याला सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० पासून मिळत नाहीत, त्यामुळे तो बदलायला हवाच, पण ते कारण वेगळं.

मग नवीन सर्व्हर आला की जुनं बंद पडतं, हा लोकांचा अनुभव खोटा का? खोटा नाही. पण बंद पडतं ते लेव्हलमुळे नाही, बोलीमुळे. नवीन विंडोज सर्व्हर काही जुन्या बोली बोलायचंच सोडून देतो. एसएमबीची (नेटवर्कवर फाइल देण्या-घेण्याची बोली) पहिली आवृत्ती, एनटीएलएमची (ओळख पटवण्याची जुनी पद्धत) पहिली आवृत्ती, डीईएस हे जुनं एन्क्रिप्शन, या त्या बोली. दोन्ही गोष्टी एकाच शनिवार-रविवारी होतात, नवीन सर्व्हर बसतो आणि लेव्हलही वाढते, म्हणून दोष लेव्हलच्या माथी बसतो. लोक मग लेव्हल दहा-दहा वर्षं तशीच ठेवतात, आणि तिच्यामुळे मिळणाऱ्या सोयींना मुकतात.

त्यातली एक सोय सांगतो. फॉरेस्ट लेव्हल २००८ आर२ झाली की ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा रीसायकल बिन चालू करता येतो. एका कॉलेजात चुकून एका विभागाचं अख्खं ओयू (डिरेक्टरीतला त्यांचा कप्पा) उडालं, साठ-सत्तर युजर. बिन चालू होता. चहा येईपर्यंत सगळे परत आले, आपापल्या ग्रुपांसकट. बिन नसता तर रात्र बॅकअप उलगडण्यात गेली असती.

लेव्हल वाढवताना सांभाळायची एक जागा आहे. २००३ वरून २००८ किंवा पुढे जाताना केर्बेरॉसच्या (डोमेनमधली ओळख पटवण्याची पद्धत) मुख्य अकाउंटचा पासवर्ड बदलतो, कारण तिथून एईएस एन्क्रिप्शन सुरू होतं. क्वचित एखादा डीसी हा बदल नीट उचलत नाही आणि लॉगिनला अडथळे येतात. त्या डीसीवरची केडीसी, म्हणजे केर्बेरॉसची सर्व्हिस, पुन्हा सुरू केली की बहुधा सुटतं. बाकीच्या पायऱ्यांवर मला आजवर काही त्रास झालेला नाही.

वाढवलेली लेव्हल परत खाली आणता येते का?

पूर्वी अजिबात नाही. २००८ आर२ पासून पॉवरशेलने काही मर्यादेत येते. पण रीसायकल बिन एकदा चालू केला की तो बंद होत नाही, आणि फॉरेस्ट २००८ आर२ च्या खाली जात नाही.

आमचा २०१२ आर२ चा डीसी आहे. थेट २०२५ जोडता येईल?

नाही, मधली एक पायरी लागेल. विंडोज सर्व्हर २०२५ चा डीसी जोडायला डोमेन आणि फॉरेस्ट दोन्ही किमान २०१६ लेव्हलवर हवेत. तुमच्याकडे २०१२ आर२ चा डीसी असेपर्यंत ती लेव्हल वाढूच शकत नाही. म्हणून आधी २०१६, २०१९ किंवा २०२२ पैकी एक डीसी जोडा, रोल त्याच्याकडे न्या, २०१२ आर२ वाला उतरवा, लेव्हल २०१६ करा, आणि मग २०२५. घाई नसेल तर २०२२ वर थांबायलाही हरकत नाही.

२०१९ आणि २०२२ यांनी स्वतःची फंक्शनल लेव्हल आणलीच नाही. त्यामुळे '२०२२ लेव्हल दिसत नाही' म्हणून शोधत बसू नका, यादीत २०१६ हीच वरची असेल. त्यानंतरची नवी लेव्हल २०२५ बरोबर आली. २०१२ आर२ चे सुरक्षा अपडेट १० ऑक्टोबर २०२३ ला थांबले, त्यामुळे तो डीसी अजून चालू असेल तर हे काम खरोखर पुढे ढकलू नका.

आहे त्याच मशीनवर वरून नवीन विंडोज चढवायचं का, असं विचारतात. होतं, पण मी करत नाही. नवीन डीसी शेजारी उभा करावा, जुना चालू असताना रोल न्यावेत. काही बिनसलं तर जुना तिथेच असतो.

नवीन डीसी जोडताना एफआरएसचा एरर येतो. हे काय?

लॉगिन स्क्रिप्ट आणि ग्रुप पॉलिसीच्या फाइल सिसव्हॉल या फोल्डरात असतात, आणि ते फोल्डर सगळ्या डीसींवर सारखं ठेवावं लागतं. पूर्वी ते काम एफआरएस करायचं, २००८ पासून डीएफएसआर करू शकतं. जे डोमेन २००० किंवा २००३ मध्ये जन्मलं त्यात अजून एफआरएस असू शकतं, कारण सर्व्हर बदलले तरी ते आपोआप बदलत नाही. २०१९ आणि पुढच्या सर्व्हरांना ती बोली येत नाही.

उपाय आहे आणि तो सुरक्षित आहे. 'डीएफएसआरमिग' या कमांडने तयारी, वळवणं आणि जुनं काढणं अशा तीन टप्प्यांत जायचं. प्रत्येक टप्पा सगळ्या डीसींवर पोचला याची खात्री केल्याशिवाय पुढे जायचं नाही. शेवटच्या टप्प्याआधी मागे फिरता येतं, नंतर नाही. सिसव्हॉल फोल्डरची एक प्रत आधी बाजूला काढून ठेवा.

सर्व्हर बदलला आणि झेरॉक्स मशीनवरून स्कॅन जायचं थांबलं. परत जुनी सेटिंग करून द्या.

सोमवारी सकाळी अकराचा फोन हाच असतो. ग्राहक समोर उभा, पावत्या स्कॅन करायच्या आहेत. मशीनच्या पडद्यावर 'कनेक्टिंग' येतं, अर्धा मिनिट थांबतं आणि 'सेंड एरर'. मॅनेजरसाहेब सांगतात, लेव्हल वाढवलीत म्हणून झालं.

लेव्हलचा दोष नाही. २०१६ पर्यंतच्या सर्व्हरवर एसएमबीची पहिली आवृत्ती आपोआप असायची. २०१९ पासून ती बसलेली नसते. जुन्या झेरॉक्स मशीनला तेवढीच येते. त्यात स्कॅनचं फोल्डर थेट डीसीवर ठेवलेलं असेल तर दुसरी अडचण: डीसी येणाऱ्या प्रत्येक एसएमबी जोडणीवर डिजिटल सही मागतो आणि जुनी मशीन ती देत नाहीत.

एसएमबी१ चालू करून देणं पाच मिनिटांचं काम आहे, आणि मी ते डीसीवर करत नाही. मे २०१७ चा वॉनाक्राय हा घातक प्रोग्राम याच बोलीतल्या भोकातून जगभर पसरला. त्याऐवजी मशीनचा आयपी ब्राउझरमध्ये टाकून त्याचं पान उघडा. बऱ्याच मशीनमध्ये एसएमबी २ किंवा ३ चा पर्याय असतो, त्यावर खूण केलेली नसते एवढंच. नसेल तर डीलरकडून फर्मवेअर मागवा. तेही नसेल तर स्कॅन मेलवर पाठवा किंवा एक लहान नॅस बॉक्स (नेटवर्कवरची साठवणीची पेटी) घेऊन स्कॅन त्यावर घ्या. स्कॅनचं फोल्डर डीसीवर असूच नये.

२०२५ वर नव्याने डोमेन उभारलंत तर एलडीएपीवरही (डिरेक्टरीला माहिती विचारायची बोली) सही सक्तीची असते. मशीनमधली पत्त्यांची यादी डिरेक्टरीतून येत असेल तर ती त्यामुळे रिकामी दिसू शकते. त्या जोडणीसाठी सर्टिफिकेट घालून एलडीएपीएस, म्हणजे त्याच बोलीचं एन्क्रिप्ट केलेलं रूप, वापरा.

काट्याला जोडलेला विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर आहे. त्याचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नाही.

काजू फॅक्टऱ्यांत हे हमखास सापडतं. भट्टीच्या धुराने पिवळा पडलेला मॉनिटर, टरफलाच्या तेलाने काळवंडलेले कीबोर्डचे खटके, आणि मागच्या सिरियल पोर्टला वजनकाटा. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच थांबले आहेत. पण काटा उत्तम चालतो आणि तो बदलायचा खर्च मालकाला झेपत नाही, हेही मला समजतं.

त्या एका कॉम्प्युटरसाठी अख्ख्या डोमेनची दारं उघडी ठेवू नका. त्याला डोमेनमधून काढा, वर्कग्रुपमध्ये ठेवा, स्विचवर वेगळं व्हीलॅन (बाकीच्यांपासून तोडलेलं नेटवर्क) द्या, इंटरनेट बंद करा. काट्याची फाइल मधल्या एका वेगळ्या यंत्रावर पडू द्या आणि तिथून ऑफिसातल्या कॉम्प्युटरने ती उचलावी. एक्सपीने डीसीशी थेट बोलायचं नाही.

वीज आली की सकाळी कोणाचंच लॉगिन होत नाही. पासवर्ड बरोबर असतो.

घड्याळ बघा. केर्बेरॉसला डीसी आणि कॉम्प्युटर यांच्या वेळेत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. खाऱ्या दमट हवेत मदरबोर्डच्या नाणेबॅटरीची टोकं हिरवट पडतात. वीज गेली की घड्याळ मागे जातं. सर्व्हरची बॅटरी दर दोन वर्षांनी बदलून टाका, तिला फार पैसे पडत नाहीत.

डोमेनमधले सगळे शेवटी पीडीसी एम्युलेटरकडून वेळ घेतात, म्हणून बाहेरच्या टाइम सर्व्हरशी जोडायचा तो एकटाच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार वेळ एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी जुळवायची आहे. डीसी व्हर्च्युअल मशीन असेल, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरच्या (होस्टच्या) आत चालत असेल, तर होस्टकडून वेळ घेण्याची खूण काढून टाका, नाहीतर दोन घड्याळं एकमेकांना ओढत राहतात. आणि रोल दुसऱ्या डीसीवर नेलात की ही टाइमची सेटिंगही त्याच्यावर करा. ती रोलबरोबर जात नाही, आणि हे विसरलेलं मी फार ठिकाणी पाहतो.

शाखेची लाइन पावसात चार-चार दिवस नसते. तिथे डीसी ठेवावा का?

हायवेच्या खोदकामात केबल तुटते, वादळात खांब पडतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या गावांनी किती दिवस वीज पाहिली नव्हती हे आठवत असेल. पाच माणसांच्या शाखेला डीसी नसला तरी चालतं, कारण विंडोज आधी लॉगिन झालेल्या शेवटच्या दहा जणांची ओळख कॉम्प्युटरवरच ठेवतं. पंधरा-वीस माणसं असतील तर डीसी ठेवा.

मात्र शाखेतला सर्व्हर कुठे असतो? पडवीत, जिन्याखाली, कुलूप नसलेल्या कपाटात. अशा जागी रीड ओन्ली डीसी ठेवावा, जो २००८ पासून मिळतो. त्यावर बाहेरून काही लिहिता येत नाही आणि तुम्ही परवानगी दिलेल्या माणसांचेच पासवर्ड त्यावर साठतात. चोरीला गेला तर तेवढेच पासवर्ड बदलायचे. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्याला पाचपैकी एकही रोल देता येत नाही. आणि ज्यांचा पासवर्ड त्यावर साठवलेला नाही त्यांना लाइन नसताना तो ओळखत नाही, म्हणून शाखेतल्या माणसांबरोबर तिथले कॉम्प्युटरही त्या यादीत घाला.

दोन डीसी आहेत. मग बॅकअप कशाला?

कारण चूकही रेप्लिकेट होते. एका डीसीवर पुसलेलं काही मिनिटांत दुसऱ्यावरूनही जातं.

जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या घातक प्रोग्रामने मर्स्क या जहाज कंपनीला गाठलं तेव्हा न्हावाशेवाच्या बंदरातलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं होतं. मर्स्कचे जगभर दीडशेच्या आसपास डीसी होते. प्रत्येक जण दुसऱ्याची नक्कल सांभाळून होता आणि सगळे एकदम गेले. वाचला तो घानामधला एकच, कारण त्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो बंद होता. त्या एका डीसीवरून त्यांनी डिरेक्टरी परत उभी केली. आपण विजेच्या भरवशावर राहू नये. डीसीचा सिस्टम स्टेट बॅकअप (डिरेक्टरीसकट) बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून तिजोरीत ठेवा.

व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट, म्हणजे एका क्षणाची साठवलेली अवस्था, हा बॅकअप नव्हे. जुन्या स्नॅपशॉटवर परत नेलेला डीसी आपण पुढे दिलेले क्रमांक विसरतो आणि बाकीचे डीसी त्याचं नवं लिखाण घेत नाहीत. सर्व्हर २०१२ पासून, होस्टलाही ते येत असेल तर, विंडोज हे ओळखून सावरतं. तरी सवय लावू नका.

लिनक्सवर सांबा घालून लायसन्सचा खर्च वाचवता येईल?

येईल. सांबा हे विंडोज सर्व्हरची कामं करणारं मोफत सॉफ्टवेअर. त्याचं ४.० डिसेंबर २०१२ मध्ये आलं तेव्हापासून ते डीसी होऊ शकतं, पाचही रोलसकट. दोन सांबा डीसी ठेवलेत तर सिसव्हॉलची नक्कल ते आपण होऊन करत नाही, ती सोय तुम्हाला बसवावी लागते. ती सांभाळणारा माणूस जवळपास असेल तरच या वाटेने जा.

हे सगळं वर्षात कधी करावं?

मार्चअखेर पतसंस्थांचे हिशेब, एप्रिल-मे आंबा आणि कॅनिंग, जून ते सप्टेंबर विजेचा आणि लाइनचा भरवसा नाही, आणि गणपतीत मदतीला माणूस मिळत नाही. म्हणून दिवाळीनंतर ते जानेवारी. २०१६ च्या डीसींना अपडेट १२ जानेवारी २०२७ पर्यंतच आहेत, तेव्हा त्याच्या आधीची दिवाळी धरा.

नवीन डीसी जोडा, रोल ट्रान्सफर करा, टाइमची सेटिंग करा, आणि जुना लगेच उतरवू नका. त्याची पॉवर बंद करून आठवडाभर थांबा. या आठवड्यात कोण ओरडतं ते वहीत लिहा. बहुतेक ओरडणाऱ्यांत डीएनएस म्हणून जुन्या सर्व्हरचा आयपी हाताने घातलेला असतो: झेरॉक्स मशीन, हजेरीचं यंत्र, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, वरच्या मजल्यावरचा वायफाय राउटर. ते एकेक दुरुस्त करा. मग जुना पुन्हा चालू करा, एक दिवस रेप्लिकेशन होऊ द्या, आणि रीतसर डिमोट करा, म्हणजे त्याचं डीसीपण काढून घ्या. कपाटाच्या आतला कागद बदलायला विसरू नका.